आत्याबाईंचा अंगठा

चौकोनी फोटो. दोन इंच लांब, दोन इंच रुंद, मागे पांढरंशुभ्र. आपल्याकडे फोटो उभा काढतात, त्यात निदान खांदे तरी येतात. ह्या चौकोनात माणसाचा नुसता चेहरा आणून ठेवल्यासारखा दिसतो. त्यातून चष्मा काढायला लावलेला, अमेरिकेचा नियम – आणि चष्म्याशिवायची साधना म्हणजे भल्या पहाटे डोळे किलकिले करून उशाशी चाचपणारी साधना, नाकाच्या दोन्ही अंगांना चष्म्याचे लालसर खळगे, समोरचा माणूस नीट दिसत नाही म्हणून उगाच थोडं हसू आणलेले ओठ... हे रूप अडतीस वर्षं एका जगदेवच्याच माहितीचं होतं. तेच नेमकं तिकडच्या सरकारला पाठवायचं. स्टुडिओतून बाहेर पडल्यावर तिने विचारलंही होतं, "असं दिसते का माह्यं तोंड?" आणि तो म्हणाला होता, "सरकारले चालते म्हने."

स्टुडिओवाल्याने दोघांचे फोटो एकाच पाकिटात घातले होते, म्हणून हे चार त्याच्या फायलीत राहून गेले. त्याची फाइल हिरवी. तिची निळी, ती लोखंडी कपाटात वरच्या खणात होती आणि फेब्रुवारीपासून तिला कोणी हात लावलेला नव्हता. त्याने एक फोटो लॅपटॉपच्या कडेला टेकवून उभा केला, मग वाटलं हे बरं नव्हे, आडवा केला, आणि मग पुन्हा उभा केला.

सकाळचे सात वाजले होते. रिसोडच्या ह्या घरात सातला चहा होतो, अजूनही होतो, फक्त पाणी दोन कपांचं पडतं आणि दुसरा कप तो अकराला गार पितो. पडद्यावर अमेरिकेत कायमचं राहायला जायचा अर्ज उघडा होता. योगिनीने टेक्सासहून दोघांच्या अर्जांचे क्रमांक एकाखाली एक लिहून पाठवले होते, वर आईचा, खाली बाबांचा. आणि रोज सकाळी आपला अर्ज उघडायच्या आधी तो वरचा क्रमांक घालून पाहायचा. तिथे साधनाचे सगळे कागद अजून स्वीकारलेले होते. जन्माचा स्वीकारला, लग्नाचा स्वीकारला, पोलिसांचा स्वीकारला. त्या कार्यालयाला कळवायला हवं, बाबा, असं योगिनी तीनदा म्हणाली होती. कळवतो, असं तोही तीनदा म्हणाला होता.

काल त्याच्या अर्जात एक प्रश्न आला होता, विवाह कसा संपला? खाली तीन पर्याय. संपला म्हणजे?... कपाटात तिची लुगडी आहेत, फळीवर तिने काडीवर वळून, वाळवून ठेवलेल्या सरगुंड्यांचा डबा आहे, नातीला न्यायला म्हणून केलेले – संपलं कुठे काय? पण अर्ज भरायचा तर तीनांतला एक पर्याय घ्यावाच लागतो. त्याने मृत्यू निवडला, तसं साधनाचं नाव एका रकान्यातून उडून दुसऱ्यात गेलं. पूर्वीचे जोडीदार. माजी विद्यार्थी असतात तशी माजी बायको. नंतर बरेच प्रश्न होते, दंगल केली का, तुरुंगात होता का, आणि त्यांतच एक, आपण कधी खोटी माहिती दिली आहे का? तिथे त्याने डोळा न लवता नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. सरकारला जगदेव सरांनी आयुष्यात खोटी माहिती दिली नव्हती. जिला दिली तिच्यासाठी त्या अर्जात रकाना नव्हता.

आता हे सांगून टाकायला हवं, कारण स्वतःशी सुद्धा त्याने ते सरळ कधी सांगितलेलं नव्हतं. दोघांचे अर्ज वेगवेगळे होते. तिचे कागद तीन महिन्यांत झाले. त्याचा एकच अडला होता, जन्माचा. बापाने कुठेच नोंद केली नव्हती, रिठदच्या ग्रामपंचायतीने नोंद आढळत नाही असा दाखला रीतसर दिला होता, आणि आता जन्माच्या वेळी हजर असलेल्या वडीलधाऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र तेवढं हवं होतं. असं माणूस जगात एकच उरलं होतं. किन्हीराजाच्या गोमतीबाई, त्याची सख्खी आत्या. बारशाला त्याच्या कानात नाव सांगणारी तीच. तिचा एक अंगठा लागत होता. एक अंगठा, बस्स... आणि त्याला चौदा महिने पुरले नव्हते.

तो फाइल पिशवीत घालून सकाळी निघायचा. बसस्टँडवर बसायचा, पेपर वाचायचा, कोणी जुना विद्यार्थी भेटला तर चहा प्यायचा आणि दुपारी चेहरा थकलेला करून घरी यायचा. "झाला का कागद?" "आत्याले बरं नाई." एकदा म्हणाला वकील आला नाही. एकदा म्हणाला तारखेचा घोळ आहे – शाळेतल्या तारखेप्रमाणे तो एक जूनचा, त्याच्या पिढीतलं अर्धं गाव एक जूनचंच, मास्तरांना ती सोयीची पडायची – आणि जी तारीख खरी नाही तिच्यावर मी आत्याला शपथ कशी घ्यायला लावू? हे बोलताना त्याचा आवाज वर्गात असायचा तसा झाला होता. साधना ऐकून घ्यायची. "बरं," म्हणायची आणि ताट वाढायची. बरं, असली कामं येत नसती तर गोष्ट वेगळी. शाळेची ऑनलाइन माहिती भरण्यात ह्या सरांचा हात धरणारा आसपासच्या शाळांच्या अख्ख्या केंद्रात कोणी नव्हता.

जायचं नव्हतं, एवढंच होतं. योगिनी पुण्यात होती तेव्हा बारा दिवस राहून आला होता तो. बारा दिवस फाटकावरचा माणूस त्याला विचारत होता, कोणाकडे जायचंय? आणि इथे चौकात उभा राहिला तर चार जण वाकून नमस्कार करतात. तिकडे मी कोण? योगिनीचे बाबा, ज्यांना नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते दाखवावं लागतं. हे बायकोला सांगायचं कसं? ती तर इंग्रजी आकडे पाठ करत होती, स्वेटरची बटणं बदलत होती. योगिनी फोनवर म्हणायची, "आई, तू हो पुढे, बाबा मागून येतील." साधना म्हणायची, "जोडीनं येऊ." तिच्या ह्या एका शब्दावर त्याने सगळं बेतलं होतं. ती एकटी जाणार नाही हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर नुसता आपला कागद अडवून धरला की काम भागत होतं. मग फेब्रुवारीत एका पहाटे तिने चष्म्यासाठी हात लांबवला आणि तो छातीवरच परत आणला. नात तीन वर्षांची झाली होती. साधनाने तिला फक्त फोनमध्ये पाहिलं.

"बाबा, आता तरी या," योगिनी म्हणाली. त्या पोरीच्या मनात काही नव्हतं. पण आता तरी हे दोन शब्द आठ दिवस घरभर त्याच्या मागे हिंडत होते.

पिशवी घेतली, घराला कुलूप लावलं. मालेगावची बस, तिथून जीप. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं, पुढल्या पंधरवड्यात सोंगणीला येणार. जीपमधल्या एका बाईने विचारलं, "कुठं जाता, काका?" आणि किन्हीराजा हे खरं उत्तर देताना त्याची जीभ जरा अडखळली, इतकी वर्षभर ते नाव खोटंच सांगायची सवय झालेली. दीड तासात तो आत्याच्या ओट्यापुढे उभा होता. घड्याळ पाहिलं आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

गोमतीबाई सुपात मूग घेऊन बसल्या होत्या. ऐंशी पार केलेल्या, तोंडात दात नाही, पण हात चालू आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसावं.

"जगदेवा? काहून रे, आज रस्ता चुकला काय?"

तो पाया पडला. आत्याने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"माह्या आधी गेली रे," ती म्हणाली. "जायाचं वय माह्यं व्हतं."

तो मांडी घालून पुढ्यात बसला. पिशवीतून फाइल काढली. आपलं अमेरिकेला जाण्याचं चाललंय, जन्माचा कागद लागतो, तुम्हाला मालेगावला वकिलासमोर यावं लागेल, अंगठा लागेल, असं सगळं तो एका दमात बोलून गेला. आत्या त्याच्याकडे पाहत राहिली.

"अंगठा तं मी देल्ला ना."

"कोनाले?"

"साधनाले. आनखी कोनाले देइन? गेल्या दिवाळीच्या आधी आलती. रामधनच्या गाडीत बसवलं मले, मालेगावले नेलं, वकिलापुढं अंगठा लावून घेतला, अन् येताना जिलबी खाऊ घातली. तुले नाई सांगतलं?"

रामधन तिचा मुलगा, तो शेतात गेला होता. बरंच झालं, नाहीतर आणखी एक माणूस त्याच्या तोंडाकडे पाहत बसलं असतं.

"सांगतलं व्हतं," जगदेव म्हणाला. "माह्याच ध्यानातून गेलं."

अजूनही. अजूनही तोंडातून तेच निघतंय... 

"मले म्हने, आत्याबाई, तुमाले बरं नाई म्हनत व्हते हे. म्या म्हनलं, मले काय धाड भरली? वावरातून आत्ता आली मी, डोक्यावर भारा हाये माह्या. तं हासली."

"हासली?"

"हासली. मंग म्हने, यायची खरी जन्मतारीख कोनती? कागदावर तं वकिलानं ते शाळेचीच घातली. पन म्या तिले सांगतलं. संक्रांतीच्या करीचा हाये तू."

"करीचा?"

"संक्रांत झाली, अन् दुसऱ्या दिशी, दिवस निघता निघता. तुह्या बापानं कोनाले बोलू देल्लं नाई. करीचं पोरगं, लोकं नाव ठेवतीन. म्हनून तं कुठं नोंदवलंच नाई त्यानं. बारशाले मी तुह्या कानाशी वाकली, तं बाप मले म्हने, नाव सांग फक्त, दिवस सांगू नको." आत्या बोळकं पसरून हसली. "जसा तुले समजनारच व्हता!"

सहासष्ट वर्षं. शाळेत एक जून, नोकरीत एक जून, पासपोर्टावर एक जून. आणि इथे एक म्हातारी मूग निवडता निवडता त्याला जन्माला घालत होती. पण त्याचं चित्त तिथे नव्हतं. ते हासली ह्या शब्दापाशी थांबलं होतं. आत्याने जेवायला थांबवलं, तो जेवला, काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं.

परतीच्या जीपमध्ये भाड्यासाठी त्याने पिशवीच्या आतल्या कप्प्यात हात घातला, तर बोटांना काचेची बाटली लागली. छोटी, औषधाची जुनी, झाकणाला कागदाची गुंडाळी... सुंठीची पूड. ही कधीची? आणि मग आठवलं, आणि त्याला ती बाटली हातात धरवेना.

दिवाळीनंतर साधनाने प्रश्न बदलला होता. आधी विचारायची, झाला का कागद? नंतर विचारू लागली, आत्याबाई कशा हायेत? त्याला तेव्हा बरंच वाटलं होतं, कागदाचा विषय मागे पडला म्हणून. आणि तो आत्याबाईंची हकिकत सांगायचा. खोकला आहे. मग गुडघे. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्या धडधाकट बाईला मी चार महिन्यांत काय काय आजार दिले! आणि साधना हातातलं काम थांबवून ऐकायची, मान हलवायची, "जपा म्हना त्यायले," म्हणायची. जानेवारीच्या सुरुवातीला खोकला पुन्हा वाढल्याचं ऐकून तिने त्याच्यासमोर बसून सुंठ कुटली, गाळली, बाटलीत भरली. "हे न्या त्यायले. मधातून घ्या म्हना." त्याने नेली, बसस्टँडपर्यंत. मग संध्याकाळी येऊन म्हणाला, "फरक पडला म्हने." ती म्हणाली, "बरं."

ते बरं कसलं होतं? तो जीपच्या खिडकीतून बाहेर पाहत एकेक बरं आठवू लागला. चिडलेलं असावं असं वाटलं, पण आवाज आठवला तर तो चिडलेला नव्हता. थट्टेचं? थट्टा करताना तिचा डावा गाल आत जायचा. गाल आत गेला होता का... कोण पाहतो बायकोचा गाल इतक्या वर्षांनी! मी पाहायला हवा होता. मी तर खाली ताटात पाहत होतो, खोटं बोलणारा पोरगा पाहतो तसा, आणि असे शेकडो पोरगे मी वर्गात उभे केले, म्हणालो, वर बघ, माझ्याकडे बघ.

घरी आल्यावर त्याने चप्पलही काढली नाही. कपाट उघडलं, निळी फाइल काढली. जन्माचा दाखला, लग्नाचा, पोलिसांचा, पासपोर्ट, सगळं तिच्या हाताने लावलेलं. शेवटच्या कप्प्यात दुमडलेला स्टॅम्पपेपर होता. मी, गोमतीबाई, राहणार किन्हीराजा, तालुका मालेगाव, शपथेवर लिहून देते की... वकिलाचा शिक्का, ऑक्टोबरची तारीख, आणि खाली जांभळा अंगठा, मोठा, कष्टाचा, रेघा न् रेघा उमटलेल्या. काहीही कमी नव्हतं. हा कागद चार महिने ह्या घरात होता. तो ज्या खोलीत झोपायचा तिथे, सहा हातांवर, ती जिवंत असताना.

त्याने फाइल उलटी करून झटकली. एखादी चिठ्ठी असेल. नव्हती. ती चिठ्ठ्या लिहिणारी बाई नव्हतीच, किराण्याच्या यादीत सुद्धा चार शब्दांवर पाचवा लिहायची नाही.

कागद समोर ठेवला असता तर मला जावंच लागलं असतं. तिला ते कळत होतं. तिने तो समोर ठेवला नाही. का नाही ठेवला? तिलाही आतून जायचं नव्हतं का? मग सरगुंडे, मग स्वेटर, मग फोनवरच्या नातीला घरातली एकेक वस्तू दाखवून दाखवून दमलेलं ते बोट? की मी आपण होऊन बोलावं म्हणून वाट पाहत होती – एवढंच, की मले भेव लागते, साधना. चार शब्द. ह्या चार शब्दांसाठी ती थांबली, आणि मी तिला आत्याचे गुडघे सांगत बसलो. की काहीच नाही, नुसती कीव? कोणाला विचारणार आता? जिला विचारायचं तिचं नाव काल पूर्वीच्या रकान्यात गेलं.

आणि खीर. ते एकदम आठवलं, आणि तो खाटेवर बसला. ह्या जानेवारीतली कर. घरोघरी तिखटाचा बेत, आणि हिने गव्हाची खीर केली होती, वेलदोडा घालून. तो हसला होता, "करीले कोनी खीर करते काय?" "करते कोनी कोनी." तिने त्याला वाटीभर वाढली, मग अजून एक, आणि स्वतः न जेवता समोर बसून राहिली, हातावर हनुवटी टेकवून. चष्मा होता तेव्हा. वाटी रिकामी होईपर्यंत पाहत होती. त्याला वाटलं होतं, मीठ-साखर पाहतेय. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याचा वाढदिवस केला होता, आणि तो आत्याच्या खोकल्याला फरक पडला म्हणून सांगत होता. तिला सगळं ठाऊक असताना तिने ती खीर केली होती. हे त्याला सहन होईना. रागावून काही बोलली असती तर ते किती सोपं गेलं असतं!

बऱ्याच वेळाने तो उठला. खिडकीतून उतरतं ऊन येत होतं, तेवढ्या उजेडात कागद खिडकीच्या कट्ट्यावर पसरून मोबाइलने त्याचा फोटो घेतला. पहिला धुरकट आला म्हणून पुन्हा घेतला. जांभळा अंगठा दुसऱ्यांदा नीट आला. फाइल बनवली, लहान केली, चढवली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली. सगळे कागद चढल्याशिवाय शेवटचं बटण उजळत नाही, चौदा अधिक सात महिने ते राखाडी होतं, आता उजळलं. दाबलं की झालं. जन्मदिनांक एक जून, सही म्हणून पासपोर्टचा क्रमांक, वर दिलेली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.

त्याने हात पुढे नेला आणि थांबला. जायचं नाही म्हणून नव्हे. जायचं आहे की नाही हे ह्या क्षणी त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सात महिने ह्या घरात एकटा होतो मी, आपलं पाप आपल्यापाशी, कोणाला माहीत नाही म्हणून एकटा. आणि आता कळतंय की ते चार महिने तिला माहीत होतं, ताट वाढताना, सुंठ कुटताना, दिवा मालवताना... चोरी पकडली गेल्यासारखे त्याचे कान तापले, आणि त्या तापल्या कानांचंच त्याला कुठेतरी बरं वाटलं, कारण नुसत्या भिंतींपुढे कान तापत नाहीत.

फोटोतली साधना चष्म्याशिवाय त्याच्या दिशेने पाहत होती, नीट दिसत नाही म्हणून उगाच थोडं हसत. त्याने सुंठीची बाटली पिशवीतून काढून फोटोपाशी ठेवली.

"आत्याबाई चांगल्या हायेत," तो मोठ्याने म्हणाला. फोनखेरीज घरात इतक्या महिन्यांनी आवाज झाला, तो त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. "खोकला नाई, काई नाई. मूग निवडत व्हत्या."

पुढचे चार शब्दही जिभेशी येऊन थांबले होते. बटण उजळलेलं होतं. त्याने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि तिच्या बरंची वाट पाहत बसला.